युटेरोग्लोबिनचं प्रकरण : प्रोजेस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन करतं तरी काय?

सशाची मादी प्रयोगशाळेला फार सोयीची. गायीचं किंवा बाईचं स्त्रीबीज ठरावीक दिवसांनी आपोआप सुटतं. सशाच्या मादीचं तसं नाही. नराशी संग झाल्यावर दहा-बारा तासांनी ते सुटतं. त्यामुळे घड्याळ केव्हा सुरू झालं हे तासाच्या हिशेबात सांगता येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रूण गर्भाशयात उतरतो आणि सातव्या दिवसाच्या सुमाराला अस्तराला चिकटतो. मधले तीन-चार दिवस तो कशालाही न चिकटता गर्भाशयातल्या थोड्याशा द्रवात तरंगत असतो. एवढ्या अवधीत सूक्ष्मदर्शकाखालच्या ठिपक्याचा नुसत्या डोळ्यांना दिसणारा, काही मिलिमीटरचा पारदर्शक मणी होतो.

हे वाढणं कशाच्या जोरावर होतं? अजून नाळ नाही, रक्तपुरवठा नाही. भोवती आहे तो फक्त अस्तरातून पाझरलेला द्रव. आपलं प्रकरण या द्रवापासून सुरू होतं.

द्रव मिळवण्याची रीत साधी होती. गर्भाशयाच्या एका टोकाने सलाईन सोडायचं, दुसऱ्या टोकाने ते धुवण गोळा करायचं आणि त्यातली प्रथिनं जेलवर विजेच्या दाबाने वेगळी करायची. बहुतेक पट्टे रक्तातल्या प्रथिनांचे निघतात, आणि ते अपेक्षितच असतं, कारण रक्तातून झिरपणारा अंश सगळीकडे असतो. पण संगानंतर तिसऱ्या दिवसापासून एक नवा, ठळक पट्टा दिसू लागला. रक्तात त्याच्या जोडीचा पट्टा नव्हता. पाचव्या दिवसाच्या आसपास तो इतका वाढायचा, की द्रवातल्या एकूण प्रथिनापैकी निम्म्याच्या आसपास हे एकटंच असायचं. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत तो ओसरायचा.

१९६७ मध्ये अमेरिकेत आर. एस. कृष्णन आणि जोसेफ डॅनियल यांनी ‘सायन्स’मध्ये या प्रथिनाचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं ब्लास्टोकायनिन, म्हणजे ब्लास्टोसिस्टला (रुजण्याआधीच्या, आतून पोकळ झालेल्या भ्रूणाला) चालना देणारं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या हेनिंग बायर यांनी तेच प्रथिन युटेरोग्लोबिन या नावाने मांडलं. दोन नावांतला फरक वरवरचा वाटला तरी पुढच्या तीस वर्षांचा वाद त्यात आधीच येऊन बसला होता. पहिलं नाव प्रथिनाचं काम सांगतं, दुसरं फक्त पत्ता सांगतं. काम अजून सिद्ध व्हायचं होतं, तेव्हा पत्त्यावर थांबणारं नाव जास्त प्रामाणिक होतं असं मला वाटतं. (पुढे पत्ताही चुकला, ते येईलच.)

ससा आणि प्रोजेस्टेरॉन यांचं नातं त्याहून जुनं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ब्रेसलाऊमध्ये लुडविग फ्रेंकेल यांनी सशांच्या अंडाशयातले पीतपिंड जाळून दाखवलं, की गर्भ रुजत नाही. पीतपिंड म्हणजे स्त्रीबीज सुटल्यावर मागे राहिलेल्या पुटिकेचा पिवळसर गोळा. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनी उलट दिशेने जाऊन पाहिलं. संगानंतर मादीची अंडाशयंच काढून टाकली आणि डुकरिणींच्या पीतपिंडांचा अर्क टोचून तिची गर्भारपणं टिकवली. १९३४ मध्ये त्या अर्कातलं संप्रेरक शुद्ध रूपात हाती आलं, तेही वेगवेगळ्या चार गटांच्या हाती एकाच वर्षी. तेच प्रोजेस्टेरॉन. पुढे कुठल्याही नव्या औषधात प्रोजेस्टेरॉनचा गुण किती हे मोजायचं तर सशाच्या गर्भाशयाचं अस्तर किती दुमडलं, किती फुललं ते पाहण्याचा प्रघात पडला.

तेव्हा या नव्या पट्ट्यावर पहिला संशय प्रोजेस्टेरॉनचाच येणार हे उघड होतं, आणि तो खरा ठरला. अंडाशय काढलेल्या मादीला प्रोजेस्टेरॉन दिलं की भ्रूण नसतानाही प्रथिन पाझरू लागतं. खोट्या गर्भारपणातही, म्हणजे स्त्रीबीज सुटलं पण फळलं नाही अशा वेळीही, ते वेळेवर येतं. अस्तर हे प्रथिन भ्रूणाच्या सांगण्यावरून करत नाही, संप्रेरकाच्या सांगण्यावरून करतं, हे यातून पक्कं झालं. प्रोजेस्टेरॉन एखाद्या पेशीला नेमका कोणता हुकूम देतं हे पाहण्यासाठी युटेरोग्लोबिनचं जनुक म्हणजे आयता नमुनाच मिळाला, आणि या जनुकाच्या वरच्या बाजूला संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, कुठे येऊन बसतो ते १९८०च्या दशकात शोधूनही काढलं गेलं.

इथवर सगळं सरळ होतं. गुंता झाला तो १९७०च्या दशकात, हे प्रथिन प्रोजेस्टेरॉनला धरूनही ठेवतं असं दिसल्यावर. १९७५ मध्ये मिगेल बेआतो आणि त्यांच्या सहकाऱ्याने गर्भाशयातल्या द्रवात प्रोजेस्टेरॉन ज्याला चिकटतं ते प्रथिन युटेरोग्लोबिनच असल्याचं दाखवलं.

आता जुळणी पाहा. प्रोजेस्टेरॉन जे प्रथिन करायला लावतं, तेच प्रथिन प्रोजेस्टेरॉनला धरतं, आणि तेही भ्रूण तरंगत असतो त्याच जागी, त्याच चार दिवसांत. इतकं चपखल बसल्यावर कोण थांबणार? प्रथिन भ्रूणापर्यंत प्रोजेस्टेरॉन पोहोचवतं, असं एका बाजूने सुचवलं गेलं. जादा प्रोजेस्टेरॉन शोषून ते भ्रूणाचं रक्षण करतं, असं दुसऱ्या बाजूने. म्हणजे एकाच निरीक्षणावरून एकमेकांच्या विरुद्ध दोन गोष्टी सांगता येत होत्या. मला विचाराल तर सावध व्हायची वेळ तीच होती.

धरणारे तीन

संप्रेरकाला कोणी धरलं एवढ्यावरून काही ठरत नाही, हा धडा याच क्षेत्राने काही वर्षांपूर्वी वेगळ्या प्रसंगात गिरवला होता. प्रोजेस्टेरॉन स्निग्ध आहे, पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणून रक्तात ते बहुतेक प्रथिनांच्या खांद्यावर फिरतं. बाईच्या रक्तात, गर्भारपण नसताना, सुमारे ८० टक्के अल्ब्युमिनवर सैलपणे बसलेलं असतं, १८ टक्क्यांच्या आसपास कॉर्टिकोस्टेरॉइड बाइंडिंग ग्लोब्युलिनवर, आणि मोकळं असतं ते जेमतेम दोन टक्के. हे ग्लोब्युलिन यकृतात तयार होतं. त्याचं मूळ गिऱ्हाईक कॉर्टिसोल, पण प्रोजेस्टेरॉनलाही ते चांगलं घट्ट धरतं.

१९७० मध्ये पॅरिसला एडविन मिलग्रोम आणि एतिएन बोलिय उंदराच्या गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनचा ग्राही शोधत होते. गर्भाशय वाटून त्याच्या अर्कात किरणोत्सारी प्रोजेस्टेरॉन टाकलं तर ते कशाला तरी चिकटत होतं. पण चिकटवून घेणाऱ्याचे गुण हुबेहूब रक्तातल्या त्या ग्लोब्युलिनसारखे निघाले. गर्भाशयाच्या ऊतीत रक्त आणि रक्तद्रव असतोच, तो अर्कात उतरला होता. खरा ग्राही त्यांना त्याच वर्षी गिनीपिगमध्ये सापडला, आणि तोही आधी इस्ट्रोजेन दिलेल्या मादीत, कारण प्रोजेस्टेरॉनचा ग्राही अस्तरात तयार व्हायला इस्ट्रोजेनची पूर्वतयारी लागते. पुढे फ्रान्समध्येच आर ५०२० हे कृत्रिम संयुग आलं. ते ग्राहीला धरतं, पण रक्तातल्या ग्लोब्युलिनला ओळख देत नाही. मग मोजणी सोपी झाली. गव्हातले खडे वेचायला योग्य चाळण मिळावी तसं.

तेव्हा गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनला धरणारे तिघे झाले. रक्तातून आलेलं ग्लोब्युलिन हा हमाल. पेशीतला ग्राही हा हुकूम बजावणारा: संप्रेरक बसलं की त्याचा आकार बदलतो आणि तो डीएनएवर जाऊन जनुकं चालू-बंद करतो. आणि तिसरं हे पोकळीत तरंगणारं युटेरोग्लोबिन. पहिल्या दोघांचा धंदा कळला होता, तिसऱ्याचा कळत नव्हता.

धरण्याची ताकद मोजली तेव्हा फरक स्पष्ट दिसला. ग्राही प्रोजेस्टेरॉनला नॅनोमोलर प्रमाणातही पकडतो, म्हणजे ते अगदी विरळ असलं तरी. युटेरोग्लोबिनची पकड मायक्रोमोलरच्या घरातली, ग्राहीच्या तुलनेत शेकडो पटींनी सैल. त्यातही एक मेख होती. परीक्षानळीत ही पकड चांगली दिसायची ती प्रथिनातले गंधकाचे बंध रसायन घालून तोडल्यावर. पण युटेरोग्लोबिनची बाजू मांडणाऱ्याला एवढ्याने गप्प करता येत नव्हतं: पकड सैल असेना का, प्रथिनाचा साठा एवढा प्रचंड आहे की स्पंज म्हणून तो पुरे.

रचनेने हा वाद जरा समजण्यासारखा केला. प्रथिन छोटं आहे. ७० अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या, एकमेकींच्या उलट दिशेने तोंड करून जोडलेल्या, आणि दोन गंधकबंधांनी शिवलेल्या. मिळून वजन १६ हजार डाल्टनच्या आसपास. १९८०च्या दशकात क्ष-किरणांनी स्फटिकाचं चित्र अतिशय बारकाईने काढलं गेलं. दोन साखळ्यांच्या मधोमध पाण्याला नकोशी, स्निग्ध अशी एक बंद पोकळी आहे. प्रोजेस्टेरॉन तिथे मावतं, पण दार गंधकबंधांनी लावलेलं. बंध तुटला की आत जाता येतं. परीक्षानळीतली ती मेख अशी उलगडली.

स्निग्ध पोकळी असली म्हणजे ती प्रोजेस्टेरॉनसाठीच केलेली आहे असं म्हणायला मात्र आधार नव्हता. घरात रिकामं कपाट दिसलं म्हणून ते पुस्तकांचंच असं कोणी म्हणत नाही.

पत्ता चुकला

१९७६ मध्ये नोस्के आणि फायगेलसन यांनी युटेरोग्लोबिनविरुद्धची प्रतिद्रव्यं घेऊन सशाच्या इतर अवयवांत शोध घेतला. ते नराच्या जननमार्गातही सापडलं आणि जननाशी काही संबंध नसलेल्या नलिकांतही. सर्वात लक्षणीय जागा होती फुप्फुसं. तिथे त्याचं उत्पादन प्रोजेस्टेरॉनच्या हुकमावर नव्हे, मुख्यतः ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे कॉर्टिसोलच्या जातीच्या, संप्रेरकांच्या प्रभावाखाली चालत होतं. नर सशाच्या श्वासनलिकांत गर्भ रुजवायचा नसतो. म्हणजे प्रथिनाचं मूळ काम काहीही असलं तरी फक्त गर्भाशयापुरतं नक्कीच नव्हतं.

मग एकेक धागा येऊन मिळू लागला. स्वीडनमध्ये पीसीबी या औद्योगिक प्रदूषकावर काम चालू होतं. पूर्वी विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं हे रसायन शरीरात शिरलं की त्याचे काही अवशेष फुप्फुसात जाऊन साठतात. उंदराच्या फुप्फुसात त्यांना धरणारं एक प्रथिन मिळालं आणि त्याची अमिनो आम्लांची साखळी युटेरोग्लोबिनच्या साखळीचं भावंड निघाली. माणसाच्या श्वासनलिकांतल्या क्लारा पेशींतून पाझरणारं एक प्रथिनही तेच ठरलं. माणसाच्या लघवीत दुसऱ्याच नावाने ओळखलं गेलेलं एक छोटं प्रथिनही तेच. प्रत्येकाने आपापल्या गावात एकाच पाहुण्याला वेगळ्या नावाने हाक मारली होती.

(क्लारा पेशींबद्दल एक आठवण इथेच. ज्याच्या नावावरून या पेशी ओळखल्या जात, तो माक्स क्लारा नाझी पक्षाचा सदस्य होता आणि फाशी दिलेल्या कैद्यांच्या ऊतींवर त्याने काम केलं होतं. हे पुढे आल्यावर २०१३ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांनी ते नाव सोडून क्लब पेशी असं म्हणायला सुरुवात केली. जुने निबंध वाचताना दोन्ही नावं लक्षात ठेवावी लागतात.)

आणखी नातेवाईक निघाले. मांजरीच्या अंगावरचं, लोकांना शिंका आणि दमा आणणारं फेल डी १ हे प्रथिन याच घराण्यातलं. घराणं एवढं मोठं झाल्यावर २००० साली नावाची समिती बसली आणि सगळ्यांना सेक्रेटोग्लोबिन हे आडनाव मिळालं. युटेरोग्लोबिनचं अधिकृत नाव झालं एससीजीबी१ए१. त्यात गर्भाशय कुठेच नाही.

जनुक काढून टाकल्यावर

मधल्या काळात कामांची यादी वाढतच होती. अमेरिकेत बेथेस्डाला अनिल मुखर्जी यांच्या गटाने दाखवलं, की हे प्रथिन दाह वाढवणाऱ्या फॉस्फोलायपेज ए२ या विकराला आवर घालतं. भ्रूणाच्या पृष्ठभागावर ते आच्छादन घालतं आणि आईच्या प्रतिकारशक्तीपासून त्याला लपवतं, अशीही मांडणी झाली. आई आणि अर्धा परका असलेला गर्भ यांच्यातला समझोता हा खरा मोठा प्रश्न, त्यामुळे ही कल्पना मोहक होती. दुसरीकडे ब्लास्टोकायनिन या नावातला मूळ दावा सैल पडत चालला होता. युटेरोग्लोबिन अजिबात न घातलेल्या माध्यमातही सशाचे भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचताना दिसू लागले.

निकाल लावायचा तर एकच रस्ता होता: जनुकच काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. त्या काळी ते उंदरातच जमत होतं. १९९६ मध्ये स्ट्रिप आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर केले. ते जगले, दिसायला ठीक होते आणि त्यांची वीणही चालू राहिली. एक गोष्ट मात्र बदलली: पीसीबीचे ते अवशेष त्यांच्या फुप्फुसात साठेनात. म्हणजे ही पोकळी जिवंत प्राण्यात खरोखर काहीतरी धरते हे सिद्ध झालं, पण सिद्ध झालं ते कारखान्यातून आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत. पुढच्या वर्षी मुखर्जींच्या गटाने स्वतंत्रपणे तयार केलेल्या उंदरांत मूत्रपिंडाचा गंभीर आजार दिसला: फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडाच्या गाळणीत साठून गाळणी निकामी होत होती. दोन गटांचे उंदीर इतके वेगळे का वागले यावर वाद झाला. पण प्रथिन नसेल तर गर्भ रुजणारच नाही, असं दोघांपैकी एकाच्याही उंदरांनी सांगितलं नाही.

शेजारी ठेवून पाहायला त्याच सुमाराचा दुसरा प्रयोग आहे. १९९५ मध्ये ह्यूस्टनला लायडन, ओमॅली आणि सहकाऱ्यांनी प्रोजेस्टेरॉनचा ग्राहीच नसलेले उंदीर तयार केले. त्या माद्यांचं स्त्रीबीज सुटत नव्हतं, गर्भाशयाचं अस्तर बेताल वाढून सुजत होतं आणि गर्भ धरण्यासाठी अस्तरात जो बदल व्हावा लागतो तो होतच नव्हता. सगळ्या माद्या वांझ. दोन्ही प्रथिनं प्रोजेस्टेरॉनला धरतात, पण एक काढलं की सगळं कोसळतं आणि दुसरं काढलं तर वीण चालू राहते.

इथे सशाच्या बाजूने एक हरकत घ्यायलाच हवी. उंदराचा भ्रूण सशासारखा दिवसेंदिवस तरंगत फुगत नाही आणि उंदराच्या गर्भाशयात युटेरोग्लोबिनचा असा पूर कधी येतच नाही. जे मुळात तिथे जेमतेम आहे ते काढून काय कळणार? ही हरकत मला रास्त वाटते. उंदराने एवढंच सांगितलं, की सस्तन प्राण्यांत गर्भ रुजायला हे प्रथिन सार्वत्रिक अट नाही. सशात द्रवाचा निम्मा भाग व्यापण्याइतकं ते का तयार होतं, याचं उत्तर उंदराकडून मागता येत नाही.

सशाकडे आणखी एक बारकावा आहे आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वात उपयोगी तोच. आठव्या-नवव्या दिवशी प्रथिन ओसरतं तेव्हा रक्तातलं प्रोजेस्टेरॉन ओसरलेलं नसतं, भरपूर असतं. मालक हजर, तरी काम बंद. कारण असं, की प्रोजेस्टेरॉन स्वतःच काही दिवसांनी अस्तराच्या वरच्या पेशींतला आपला ग्राही कमी करतं. इस्ट्रोजेन तो वाढवतं, प्रोजेस्टेरॉन उतरवतं. बाईच्या अस्तरातही महिन्याच्या उत्तरार्धात ग्रंथींच्या पेशींतून ग्राही नाहीसा होतो आणि खालच्या आधारपेशींत टिकतो, आणि हे नेमकं गर्भ रुजायच्या दिवसांत घडतं. म्हणून नुसत्या रक्ताच्या अहवालातला प्रोजेस्टेरॉनचा आकडा पाहून अस्तरात काय चाललंय ते सांगता येत नाही. वंध्यत्वाच्या उपचारांत ज्यांनी तो आकडा घेऊन रात्र जागून काढली असेल त्यांना हे वाक्य कोरडं वाटेल याची मला कल्पना आहे.

बाईच्या गर्भाशयात युटेरोग्लोबिनची जागा दुसऱ्याच प्रथिनाने घेतली आहे. त्याचं नाव ग्लायकोडेलिन. स्त्रीबीज सुटल्यावर काही दिवसांनी, प्रोजेस्टेरॉनच्या अमलाखाली, ते अस्तराच्या ग्रंथींतून पाझरू लागतं आणि गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत भरपूर असतं. स्त्रीबीज सुटायच्या सुमाराला मात्र ते जवळजवळ नसतं, आणि याला अर्थ आहे, कारण त्याचं एक रूप शुक्राणूला स्त्रीबीजाच्या आवरणाला चिकटू देत नाही. यालाही वेगवेगळ्या गटांनी पीपी१४, पीईपी अशी निरनिराळी नावं दिली होती. आणि गंमत बघा: हे लिपोकॅलिन घराण्यातलं, गायीच्या दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनच्या नात्यातलं. या घराण्याचा पिढीजात धंदाच स्निग्ध रेणू धरून ठेवण्याचा. ग्लायकोडेलिनला अ जीवनसत्त्वाचा रेणू देऊन पाहिला, तर ते धरेना. सशाकडे धरणारं प्रथिन आहे आणि धरून काय करतं ते सांगता येत नाही. बाईकडे काम थोडंफार सांगता येतं असं प्रथिन आहे, तर ते वाडवडिलांचा धंदा करत नाही.

एससीजीबी१ए१ आज रक्तात मोजतात, पण स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे, श्वसनविकाराचे आणि औद्योगिक आरोग्याचे अभ्यासक. फुप्फुसाचं आतलं अस्तर दुखावलं की ते रक्तात झिरपतं. १९९७ मध्ये बेल्जियममध्ये ज्यांच्या रक्तात ते काही काळ वाढलेलं सापडलं, ते आगीच्या धुरातून बाहेर आलेले अग्निशमन दलाचे जवान होते.